पाकिटावरची तिकिटं भिजवून काढायची का? कात्री हातात घ्यायच्या आधी हे बघा

तिकिटं जमवायला लागलं की कुणीतरी हमखास सांगतं, पाकिटाचा कोपरा काप, बशीत पाणी घे, टाक त्यात, पंधरा मिनिटांत तिकीट सुटतंय. सुटतं की, त्यात खोटं काही नाही. फक्त एकदा सुटलं की ते पाकिटावर परत होतं तसं बसत नाही, आणि आपल्या सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत, अडत दुकानांत, माळ्यावरच्या ट्रंकांत जी पाकिटं निघतात त्यातली बरीच अशी असतात की नुसतं तिकीट कुणी फुकट नेणार नाही पण अख्खं पाकीट बघितलं की जाणकार माणूस खुर्ची पुढं ओढतो. म्हणून भिजवायची पद्धत खाली सगळी दिली आहे, पण आधी भिजवायचं का नाही ते ठरवू, त्यालाच जास्त डोकं लागतं, पाणी काय कुणीही ओततंय.

आधी टेबल रिकामं करा आणि सगळं सुकं ठेवा

चहाचा कप लांब. कात्री आत ड्रॉवरमध्ये. पाकिटं उजेडात, शक्यतो खिडकीपाशी, एकेक करून समोर घ्यायची आणि तीन ढीग लावायचे: अख्खं ठेवायचं, कोपरा कापून तसंच ठेवायचं, आणि भिजवायचं. पहिल्या फेरीत तिसरा ढीग लहान राहिला तर वाईट वाटून घेऊ नका, तो लहानच राहिला पाहिजे. चौथा ढीग आपोआप तयार होतो, कळत नाही काय करायचं त्याचा, तो डब्यात घालून ठेवायचा, त्याला घाई काय आहे.

पाकीट हातात आलं की तिकिटाकडं शेवटी बघायचं. आधी पत्ता, मग शिक्का, मग पाठची बाजू. पाठीमागं बघायचं बरेच जण विसरतात, पण पूर्वी पत्र पोचलेल्या पोस्टाचा शिक्का पाठीमागं मारायचे, म्हणजे कधी निघालं आणि कधी पोचलं हे दोन्ही एकाच पाकिटावर मिळतं, आणि तिकीट कापून भिजवलं की यातलं निम्मं गेलं.

पत्त्यात काय बघायचं

आपल्या भागासाठी सगळ्यात सोपी खूण सांगतो. सांगली जिल्हा १९४९ साली झाला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं, १९६० ला ते सांगली झालं, आणि त्याच काळात आजच्या सातारा जिल्ह्याला उत्तर सातारा म्हणायचे. तेव्हा पत्त्यात "मु. पो. अमुक, ता. तासगाव, जि. दक्षिण सातारा" असं दिसलं की ते पाकीट बहुतेक त्याच दहा-अकरा वर्षांतलं, शिक्क्यावरची तारीख पुसट असली तरी अंदाज लागतो (लोकांनी सवयीनं पुढंही तसं लिहिलं असणारच, म्हणून तिकिटाशी ताडून बघायचं). असलं पाकीट कापायचं नाही. तिकीट एक आण्याचं असो नाहीतर पंधरा नव्या पैशांचं, ते बाजारात ढिगानं मिळतं, जिल्ह्याचं ते नाव असलेलं पाकीट ढिगानं मिळत नाही.

त्याच्याही आधीचं असेल तर संस्थानांची भानगड येते. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत, अशी एकाला लागून एक संस्थानं, आणि पत्त्यात "सांगली संस्थान" किंवा "औंध संस्थान" असं लिहिलेलं सापडतं. १९१० ला किर्लोस्करवाडी वसली तीही औंध संस्थानच्याच हद्दीत. कंपनीचं किंवा पेढीचं नाव छापलेली पाकिटं, कोपऱ्यात नांगर किंवा मशीनचं चित्र असलेली, ही तिकिटापेक्षा त्या छपाईसाठी ठेवायची. काही कंपन्या आपल्या तिकिटाला बारीक भोकांनी नावाची आद्याक्षरं पाडून घ्यायच्या, नोकरांनी तिकिटं चोरू नयेत म्हणून, त्याला परफिन म्हणतात. उलटं धरून उजेडात बघितलं की भोकं दिसतात. लोक फाटकं तिकीट समजून टाकून देतात! परफिन पाकिटासकटच ठेवायचं कारण अक्षरं कुठल्या फर्मची हे पाकीटच सांगतं.

पिनकोडही बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. पत्त्यात ४१६४१६ किंवा ४१५००१ असेल तर त्यानंतरचं, नसेल तर नुसता अंदाज, कारण पिनकोड न लिहिणारी माणसं आजही आहेत.

शिक्का आणि बाकीच्या खुणा

शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर असतो, साहजिकच आहे. तिकीट काढलं की उरतो पाव गोल आणि त्यात "...ळी" नाहीतर "...गाव", कुठलं गाव ते देवाला माहीत. छोट्या खेड्यातल्या ब्रँच पोस्टाचा स्पष्ट शिक्का असेल तर मी तिकिटाचा विचारच करत नाही.

सातारा जिल्ह्यात फौजेतली माणसं घरटी, अपशिंगे गावाला तर मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. त्या घरांत फील्ड पोस्ट ऑफिसची पत्रं असतात, पत्त्यात ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस), शिक्क्यात गावाच्या जागी नुसता नंबर, बऱ्याचदा तिकीटच नाही. तिकीट नाही म्हणून ती रद्दीत जातात, आणि जाणकार नेमकी तीच शोधत असतात. दुसऱ्या महायुद्धातलं असेल तर एका कडेला सेन्सॉरची पट्टी, "ओपन्ड बाय एक्झामिनर" छापलेली. ती पट्टी गोंदानं लावलेली असते, पाण्यात गेली की सुटली. अशा पत्रांना नुसतं प्लॅस्टिकच्या जाकिटात घालायचं आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कोण कुठं होतं ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवायचं, पाकिटावर नाही.

मग १९७१ ची एक गोष्ट. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, ते मार्च १९७३ अखेर चाललं. सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर "रेफ्युजी रिलीफ" असं वरून छापून दिलं, आणि जिथं छापील पोचली नाहीत तिथं ठिकठिकाणी स्थानिक शिक्के मारून भागवलं. हे स्थानिक शिक्के सुट्या तिकिटावर असले की खरे का कुणी मागाहून घरी मारले ते सांगता येत नाही, पाकिटावर तारखेच्या शिक्क्याखाली असले की त्याला वजन येतं. तेव्हा त्या दीड वर्षातलं पाकीट आलं की थांबायचं आणि पाच पैशांच्या तिकिटाकडं भिंगातून बघायचं.

रजिस्टरचं लेबल, "घेण्यास नकार", "मालक सापडत नाही", कमी तिकीट लावलं म्हणून दंडाचा टी शिक्का, एका गावाहून दुसऱ्या गावाला वळवलेलं पत्र, हे सगळं अख्खं ठेवायच्या ढिगात. रजिस्टर पोस्ट तर २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, म्हणजे जुन्या पद्धतीची रजिस्टरची पाकिटं आता नवीन यायची नाहीत. जी आहेत ती आहेत.

अंतर्देशीय, पोस्टकार्ड आणि छापील तिकिटाची पाकिटं यांच्यावरचं चित्र छापलेलंच असतं, ते काही सुटत नाही, आणि चौकोन कापून ठेवू नका, कापलेला चौकोन कुणी विचारत नाही. अडत दुकानातली कार्डं तारेला टोचलेली असतात, मधोमध भोक, तरी पण अख्खीच ठेवा. सांगलीच्या पेठेतला हळदीचा भाव, गुळाचा भाव, कुणाचे किती पैसे येणे, हे त्या कार्डांवर मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, आणि भोक पडलेलं कार्डसुद्धा त्यासाठी घेणारी माणसं आहेत.

दस्तऐवजावरची कोर्ट फी आणि महसुली तिकिटं याच हिशोबात. संस्थानी कोर्ट फी तिकीट लावलेला मोडीतला कागद घरात निघाला तर त्यातून तिकीट काढू नये, कधीच. एक तर ते घरच्या जमिनीचे कागद असू शकतात, आणि दुसरं म्हणजे त्यावर सही पेनाची असते, पाणी लागलं की सही पसरली.

मग भिजवायचं तरी काय

बरंच काही. सरकारी खाकी पाकिटांवरची सर्व्हिस तिकिटं, नेहमीच्या वापरातली गांधीजींची, शेतीची, कुटुंब नियोजनाची, पाकीट फाटलेलं, कसरीनं खाल्लेलं, तेलकट, शिक्का म्हणजे नुसता काळा फराटा. खाकी कागदावर तिकीट जास्त वर्षं ठेवणंही बरं नाही, त्या कागदातलं आम्ल हळूहळू तिकिटात उतरतं आणि पाठीमागून पिवळं-तपकिरी पडतं. तिथं भिजवणं हेच तिकिटाच्या हिताचं. टाचणी किंवा स्टेपलची पिन असेल तर ती आधी काढा, गंजाचा डाग पाण्यात आणखी पसरतो.

आणि भिजवल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हाची भारताच्या नकाशाची तिकिटं घ्या. आधी निघाली ती ताऱ्यांच्या वॉटरमार्कच्या, म्हणजे कागदातच उमटवलेल्या पुसट खुणेच्या कागदावर, १९५८ पासून अशोकस्तंभाच्या. समोरून दोन्ही सारखीच. पाठ मोकळी झाल्याशिवाय फरक दिसायचा नाही. म्हणजे त्यातलं साधं, खराब पाकिटावरचं तिकीट असेल तर बिनधास्त भिजवा, ओलं असतानाच काळ्या ताटात उपडं धरा, वॉटरमार्क बहुतेक वेळा तिथंच दिसतो.

मधला मार्ग म्हणजे कोपरा कापून ठेवणं. पाकीट म्हणून दम नाही पण शिक्का सुंदर आहे, गाव-तारीख दोन्ही वाचता येतात, मग शिक्का पूर्ण येईल असा ऐसपैस चौकोन कापायचा. शिक्क्याला घासून कापू नका, चारी बाजूंनी बोटभर कागद राहू द्या. तिकिटावरच मधोमध गोल शिक्का बसलेला असेल तर भिजवलं तरी चालतं, कारण काही हरवत नाही.

एका शेजारच्या पोरानं मला विचारलं, काका, शिक्का नीट बसलाच नाही अशी तिकिटं काढून परत वापरली तर? नाही बाबा. एकदा टपालात जाऊन आलेलं तिकीट पुन्हा लावणं गुन्हा आहे, शिक्का बसला असो नसो. वहीत लाव आणि गप बस.

पाण्याला घाबरणारी तिकिटं

भिजवायच्या ढिगातून आता परत चाळणी लावायची.

पहिला शत्रू पाकिटाचा रंग. लाल, गुलाबी, जांभळी, हिरवी ग्रीटिंगची आणि राखीची पाकिटं रंग सोडतात. आणि आपल्याकडं खास म्हणजे लग्नपत्रिका. बुक पोस्ट लिहिलेलं उघडं पाकीट, कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं उठवलेली. दिसायला चिमूटभर दिसतं पण कुंकवात रंग असतो, आणि परातीत एक असं पाकीट गेलं की पाच मिनिटांत सगळं पाणी गुलाबी, त्यातली पांढऱ्या कडेची सगळी तिकिटं गुलाबी, आणि तो गुलाबी मग कशानंही निघत नाही. हळद तर विचारूच नका, सांगलीकरांना हळद सांगायची का. म्हणून लग्नपत्रिकेचा कोपरा कापताना हळदकुंकवाचा भाग पूर्ण वगळून कापायचा, कापल्यावर कोरड्या ब्रशनं झटकायचं, आणि त्या तिकिटाला वेगळी वाटी. तिकिटावरच बोट उठलेलं असेल तर ते तसंच कागदासकट ठेवा, छान दिसतं उलट.

दुसरा शत्रू शाई. पोस्टाचा काळा शिक्का तेलकट शाईचा असतो, त्याला पाण्याचं काही नाही. पण जांभळ्या रबरी शिक्क्याची शाई, फाउंटन पेनची निळी शाई, आणि जुन्या कारकुनांची ती कॉपिंग पेन्सिल, जी सुकी असताना करडी दिसते आणि ओली झाली की जांभळी भडक होते, ही तिन्ही पसरतात. ओळखायचं असं, कानातल्या काडीचं टोक ओलं करून तिकिटापासून लांब, पाकिटावरच्याच त्या शाईला टेकवायचं आणि पांढऱ्या टिश्यूवर दाबायचं. टिश्यूला रंग लागला की भिजवणं रद्द. पाकिटाच्या रंगाचीही परीक्षा तशीच.

तिसरं म्हणजे तिकिटाचीच शाई. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ब्रिटनची १८८० च्या दशकातली हिरवी आणि फिक्या जांभळ्या रंगाची तिकिटं मुद्दाम कच्च्या शाईत छापली होती, कुणी शिक्का धुऊन परत वापरू नये म्हणून. पाण्यात गेली की हिरवा उतरून पिवळट होतो. चकचकीत खडूचा थर दिलेल्या कागदावरच्या जुन्या तिकिटांचंही तसंच, थर सुटला की चित्र त्याच्याबरोबर. असली तिकिटं आपल्या हातात क्वचित येणार, पण जुन्या विलायती पत्रात आली तर पाण्यापासून लांब.

उठावाची, म्हणजे दाबून फुगवलेली तिकिटं भिजवली की सपाट होतात. इथं एक आपल्या भागाची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, १८५२ चा सिंध डाक, ज्यानं काढलं तो बार्टल फ्रिअर त्याच्या आधी साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट होता, १८४८ ला साताऱ्याचे छत्रपती वारले आणि राज्य खालसा झालं तेव्हा कारभार त्याच्याकडंच होता, तिथून तो १८५० ला सिंधला गेला. ते अर्ध्या आण्याचं तिकीट असंच दाबून उठवलेलं. तांबडं आधी निघालं, ते लाखेसारख्या ठिसूळ चकतीवर होतं, पत्र उघडताना तुकडे व्हायचे, म्हणून मग पांढऱ्या आणि निळ्या कागदावर काढलं. तुमच्या ट्रंकेत ते निघणार नाही हे मलाही माहीत आहे.

सुवासिक तिकिटं: भारतीय टपालाचं २००६ चं चंदनाचं, २००७ ची गुलाबाची, २००८ ची मोगऱ्याची, २०१७ चं कॉफीचं. पाण्यात वास गेला. २०११ चं खादीवर छापलेलं गांधीजींचं शंभर रुपयांचं तिकीट कुणी पत्राला लावलं असेल तर त्या माणसाला नमस्कार, पण तेही भिजवू नका.

सेलोटेप लावलेलं असेल तर टेपचा चिकटा पाण्यात जात नाही, पिवळा डाग कागदात मुरलेला असतो, साधं तिकीट असेल तर सोडून द्या. फेव्हिकॉल वेगळा. पोस्टातल्या डिंकाच्या बाटलीनं किंवा घरच्या खळीनं लावलेलं तिकीट झटक्यात सुटतं, फेव्हिकॉलवालं कोमट पाण्यात तास-दीड तास पडू द्यावं लागतं, पांढरा मऊ थर होतो, तो बोटानं हळू लोटायचा, नखानं नाही.

आता भिजवायचं

दोन पसरट भांडी घ्या. प्लॅस्टिकचे ट्रे उत्तम, स्टीलची परात चालते, पण स्वयंपाकातली असेल तर साबणानं घासून तेलाचा आणि हळदीचा अंश जाऊ द्या, बोटानं चोळून बघा, कुरकुर वाजलं पाहिजे. पाणी कुठलं हे आपल्याकडं महत्त्वाचं. बोअरचं पाणी, विशेषतः जत-आटपाडी-तासगावकडचं, जड असतं, त्यात भिजवलेली तिकिटं वाळली की गडद रंगावर पांढरट छटा राहते. आरओचं किंवा उकळून, निवळून, गार केलेलं पाणी घ्या. जरासं कोमट, हात घातला तर गरम वाटायला नको. साबण, मीठ, सोडा, व्हिनेगर काही घालायचं नाही. केटलीच्या वाफेवर धरू नका, कागद फुगतो आणि तिकीट सोलताना जातं.

कापताना तिकिटाच्या भोवती सेंटिमीटरभर कागद सोडा, दातेरी कडेला कात्री लागली की तिकीट संपलं. पाकिटाला आतून अस्तर किंवा दुसरा थर असेल तर तो कोरडा असतानाच काढा, पाणी लवकर पोचतं. पांढऱ्या पाकिटावरची एकत्र, खाकी वेगळी, संशयाची प्रत्येकी वेगळी.

एका वेळी वीसभर पुरे. चित्र वर, कागद खाली, असं पाण्यावर सोडायचं. आधी तरंगतात, मग बुडतात. पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही, इथंच लोकांचा धीर सुटतो. चिमट्यानं तिकिटाला बाजूनं हलकं ढकलून बघा, सरकलं की तयार. नाही सरकलं तर आणखी दहा मिनिटं. ओढायचं नाही, सोलायचं नाही, आणि अगदीच शेवटचा कोपरा अडकला असेल तर तिकीट उपडं धरून कागद तिकिटावरून काढायचा, तिकीट कागदावरून नाही. उलटं केलं की तिकिटाचा पाठीमागचा पापुद्रा कागदाबरोबर जातो आणि उजेडात धरल्यावर पातळ डाग दिसतो, त्या तिकिटाला मग काही अर्थ राहत नाही. ओल्या कागदाची ताकद फार कमी असते, दुधावरची साय जशी बोटावर घेतो तसं उचला.

चिमटा तिकिटांचाच, सपाट टोकाचा. भुवया कोरायचा चालणार नाही.

सुटलेलं तिकीट दुसऱ्या भांड्यातल्या स्वच्छ पाण्यात. ही पायरी लोक गाळतात आणि नंतर म्हणतात तिकिटं कागदाला परत चिकटली. पाठ बोटाला बुळबुळीत लागते तोवर डिंक आहे. पाच-दहा मिनिटं राहू द्या, मऊ ब्रशनं पाठीवर एक हात फिरवा, बुळबुळ गेली की बाहेर. पहिल्या भांड्यातलं पाणी दर घाण्याला बदला.

ज्याला पाण्यात बुडवायची भीती वाटते, शाई कच्ची वाटते पण कागदही खराब आहे, त्याला दुसरा उपाय: झाकणाचा डबा घ्या, तळाला ओला करून पिळलेला स्पंज, त्यावर प्लॅस्टिकची जाळी, जाळीवर तिकीट चित्र वर करून, झाकण बंद. चार-पाच तासांत नुसत्या दमटपणानं डिंक मऊ होतो आणि तिकीट कोरडंच्या कोरडं सुटतं. अधूनमधून झाकण उघडून बघा, झाकणाचं पाणी वरून ठिबकू देऊ नका.

वाळवताना

चिमट्यानं उचलून एका कोपऱ्यानं पाणी निथळू द्या, मग पांढऱ्या टीपकागदावर चित्र खाली करून ओळीनं मांडा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते, आणि नक्षीचा टिश्यूही नको, नक्षी उमटते. उन्हात ठेवू नका, गुंडाळी होते आणि रंग उतरतो. आणि खोलीत पंखा बंद! घरच्यांना सांगून ठेवा, कारण कुणीतरी येतं, "काय उकडतंय" म्हणतं आणि बटण दाबतं, मग कपाटाखाली झोपून तिकिटं शोधा. इस्त्रीचा मोह टाळा.

नव्वद टक्के वाळली की दोन टीपकागदांच्या मधे घालून वर जाड पुस्तकं, रात्रभर. सकाळी सपाट मिळतात. एखादं कागदाला चिकटलंच तर डिंक राहिला होता, कागदासकट परत पाण्यात.

पावसाळ्यात हा उद्योग शक्यतो करू नये. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडं तर आषाढ-श्रावणात कपडे वाळत नाहीत, तिकिटं कुठली वाळणार, ओल आत राहते आणि दोन महिन्यांनी दातेरी कडेला तपकिरी ठिपके. ते एकदा आले की शेजारच्या तिकिटांकडं सरकतात. दिवाळीनंतरची कोरडी हवा याला सगळ्यात चांगली. वाळलेली तिकिटं स्टॉकबुकात (तिकिटं खोचून ठेवायची पट्ट्यांची वही), स्टॉकबुक आडवं रचून न ठेवता उभं, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. साधी स्वस्त प्लॅस्टिकची फोल्डरं टाळा, वर्षांनी ती चिकट होतात.

परदेशातून आलेली चिकट तिकिटं

पोरं अमेरिकेत, लंडनला, त्यामुळं सांगलीतही ही आता घरोघरी असतात. ही स्टिकरसारखी तिकिटं, यांना डिंक नाही. अमेरिकेच्या जुन्या स्टिकर तिकिटांत पाण्यात विरघळणारा मधला थर असायचा, २००० नंतरच्या काही वर्षांत तो बंद होत गेला, त्यानंतरची पाण्यात तासन् तास ठेवली तरी कागद सुटत नाही, सुटला तरी पाठ चिकटच राहते. ब्रिटनच्या राणीच्या तिकिटांना २००९ पासून मधे यू आकाराचे काप असतात, सोलताना तिथंच फाटावं म्हणूनच केलेत ते, आणि फाटतंच. बारकोडवाली २०२२ पासूनची तर बारकोडसकट कागदावरच ठेवायची. लायटरच्या पेट्रोलनं निघतात असं सांगणारे भेटतील, निघतात, पण बंद घरात, शेजारी देवघरात निरांजन, हे मी कुणाला सांगणार नाही. सरळ पट्टी लावून चारी बाजूंनी चार-पाच मिलिमीटर कागद ठेवून कापा आणि तसंच लावा. जगभर लोक आता तेच करतात.

आणि पुरात भिजलेलं असेल तर

२००५, २०१९, २०२१, सांगलीत नदीकाठी राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पुराचं पाणी गाळाचं असतं, त्यात भिजलेला गठ्ठा घाईनं उलगडू नका, ओली पाकिटं एकमेकांना धरून बसलेली असतात. एकदम सगळं हाताळायला जमणार नसेल तर गठ्ठा पॉलिथिनमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये, वीज आली असेल तर, किंवा वरच्या अंगाच्या एखाद्या पाहुण्याकडं. गोठलेल्या कागदाला बुरशी येत नाही आणि आपल्याला घर धुवायला वेळ मिळतो. नंतर थोडं थोडं बाहेर काढून, आधी स्वच्छ पाण्यात गाळ धुऊन, पाकीट आणि तिकीट आपोआप वेगळे झाले असतील तर कुठलं तिकीट कुठल्या पाकिटाचं ते शिक्क्याचे अर्धे गोल जुळवून ठरवायचं. जुळलं तर दोन्ही एकाच जाकिटात ठेवा, फक्त तिकीट परत चिकटवू नका, आणि चिठ्ठीवर पुरात सुटलं असं लिहून टाका, विकताना घेणाऱ्याला ते कळलं पाहिजे. न वापरलेली कोरी तिकिटं एकमेकांना चिकटली असतील तर डिंक वाचत नाही, भिजवून सुटी करा आणि बिनडिंकाची म्हणून वेगळी लावा.

ज्या पाकिटांवर शाई आधीच पसरली आहे त्यांचे मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो ओली असतानाच काढून घ्या, वाळल्यावर अक्षर आणखी फिकं होतं आणि मग पत्ता वाचता येत नाही.